तेजीतला भाव आणि पेठेतला खड्डा

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरच्या जुन्या पेठांतून पायी निघालात, तर पत्रे मारलेला एखादा तरी प्लॉट तुम्हाला लागतोच. पत्र्यावर उन्हानं विटलेलं सात मजली इमारतीचं चित्र असतं, खाली बुकिंगचा फोन नंबर असतो. फटीतून आत पाहिलं तर वेड्या बाभळीचं रान, मध्येच सात-आठ कॉलम, आणि त्यांच्या डोक्यावर गंजलेल्या सळया. शेजारचा दुकानदार सांगतो, "काम लवकरच सुरू होणार म्हणतात." ते तो गेली कित्येक वर्षं सांगतोय.

मी बांधकामातला माणूस. इमारतीचा सांगाडा आखायचा, कुठं किती लोखंड लागेल याचा हिशेब मांडायचा, हे माझं रोजचं काम. अशी जागा का अडते, अडून राहिल्यावर तिच्यात काय होतं, आणि ती सुटते तेव्हा कशामुळे सुटते, हे आज तुमच्यापुढं मांडायचं आहे.

काम का थांबलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, पैसे संपले. ते खरंही असतं. पण पैसे संपले म्हणून थांबलेलं काम दोन वर्षांनी पुन्हा सुरू व्हायला हवं. शहरात पैसा येतच असतो. दहा-दहा वर्षं जागा तशीच पडून राहते, ती तेजीतल्या भावामुळे. तो भाव गेला हे मान्य करायला कोणी तयार नसतं.

एक साधा हिशेब सांगतो. आकडे उदाहरणापुरते आहेत. तेजीत बिल्डरनं धरलं की फ्लॅट चौरस फुटाला 5,000 रुपयांनी जाईल. त्यातले 3,000 सिमेंट, लोखंड, मजुरी, कर, व्याज आणि त्याचा स्वतःचा नफा यांत जातात. उरले 2,000, ते तो जमिनीसाठी देऊ शकतो. त्या भावानं त्यानं जागा घेतली. पुढं बाजार बसला आणि भाव 4,000 वर आला. सिमेंट काही स्वस्त झालं नाही, मजुरीही उतरली नाही. म्हणजे जमिनीच्या वाट्याला आता 1,000 च उरतात. फ्लॅटचा भाव पाचव्या हिश्शानं उतरला, पण जमिनीची खरी किंमत निम्मी झाली. हे कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात. मान्य करायला मात्र माणसाचं आयुष्य अपुरं पडतं, कारण निम्मं गेलं असं लिहून द्यायचं म्हणजे कोणीतरी ते नुकसान आपल्या अंगावर घ्यायचं.

आपल्या पेठांत तर हे नुकसान वाटून घ्यायला माणसंही फार. जागा बहुधा एखाद्या जुन्या वाड्याची. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, वारस सोलापूर, पुणे, हैदराबादला पांगलेले, आणि खालच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू. असा वाडा रोख पैशानं क्वचितच विकला जातो. विकास करारनामा होतो. जागेच्या बदल्यात मालकाला इतके गाळे, इतके फ्लॅट, भाडेकरूला नव्या इमारतीत एवढी जागा. तेजीत हे वाटे उदार हातानं ठरतात. मंदी आली की त्या वाट्यांत इमारत उभी करणं परवडत नाही, आणि वाटा कमी करू म्हटलं तर पाच भावांपैकी चौघं तयार होतात, पाचवा नाही. मग प्रकरण कोर्टात जातं. तोवर वाडा पाडलेला असतो आणि भाडेकरू दुसरीकडं भाडं भरत असतात.

ही गोष्ट आजची नाही आणि फक्त सोलापूरची नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सोलापुरात रेल्वे 1860 साली आली होती, तेव्हा ही तेजी आपल्या भागालाही परकी नव्हती. मुंबईत त्या पैशातून कंपन्यांचं पीक आलं. बॅकबेचा, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेच्या उपसागराचा, समुद्र भरून तिथं जमीन करायची, असं सांगणारी एक कंपनी होती, आणि जी जमीन अजून पाण्याखाली होती तिच्या शेअर्सवर लोक तुटून पडले. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापूस घसरला, आणि 1 जुलै 1865 ला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा त्या काळचा बाजाराचा राजा त्यात कोसळला. बॅकबेचं ठरलेलं काम राहून गेलं.

पुढं 1920 च्या दशकात मुंबई सरकारनं तेच काम पुन्हा हाती घेतलं, खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि मुंबईतले वकील व काँग्रेसचे पुढारी के. एफ. नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. योजनेचे काही भाग सोडून द्यावे लागले. जिथं नंतर, स्वातंत्र्यानंतरच्या काळात, भर घालून कचेऱ्या उठल्या, त्या जागेला आज आपण नरिमन पॉइंट म्हणतो. एका तेजीत सुरू झालेला बेत शंभर वर्षं रखडू शकतो, हे मुंबईनं पाहिलेलं आहे.

आता आपल्याकडं या. सोलापूरच्या मध्यावर आधी गिरण्या होत्या. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं अजून पत्त्यांत आहेत. भोंगे बंद पडले आणि शहराच्या ऐन पोटात मोठमोठ्या जमिनी रिकाम्या झाल्या. जमीन मध्यावर असली की तिथं मोठं काहीतरी होणार, ही आशा तेव्हापासून या शहरात आहे, आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूरचं नाव नवव्या क्रमांकावर आलं तेव्हा त्या आशेला पालवी फुटली. किल्ला, सिद्धेश्वर तलाव, पार्क चौक हा सगळा परिसर बदलणार म्हटल्यावर आसपासच्या जागामालकांनी मनातले भाव वाढवले.

पण त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटबंदी आली. जागेच्या व्यवहारातला रोखीचा हिस्सा एका रात्रीत आटला. 1 मे 2017 ला महाराष्ट्रात रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर नियम घालणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला, 1 जुलैला जीएसटी. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था पैसे चुकवू शकली नाही, तेव्हापासून बिल्डरांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडला. आणि मग 2020 चा कोरोना. यातला एकेक धक्का सोसण्यासारखा होता. एकापाठोपाठ आले, आणि लहान शहरातला बिल्डर त्यात उघडा पडला. त्याची पद्धतच अशी होती की पहिल्या स्कीमच्या बुकिंगचा पैसा दुसऱ्या जमिनीच्या इसाराला जायचा, दुसरीचा तिसरीला. रेरानं त्याला लगाम घातला. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, असा नियम झाला. नियम योग्यच आहे आणि तो आधीच यायला हवा होता. पण ज्यांची साखळी अर्ध्यात होती, त्यांची शेवटची कडी उघडी राहिली, आणि ती कडी म्हणजे पेठेतला तो खड्डा.

सोलापूरचं एक दुखणं आणखी आहे, ते इतर शहरांत इतकं नाही. आपली मुलं शिकतात इथं आणि नोकरीला जातात पुण्याला. कर्ज काढून फ्लॅट घेणारं वय हडपसरला, वाकडला राहतं. पेठेतल्या इमारतीचे तळमजल्यावरचे गाळे लगेच विकले जातात, कारण नवी पेठ काय, टिळक चौक काय, तिथल्या दुकानाला मरण नाही. वरच्या मजल्यांना मात्र गिऱ्हाईक मिळत नाही. लिफ्ट आहे तर पार्किंग नाही, पार्किंग आहे तर पाणी काही दिवसांआड. गाळ्यांच्या पैशावर दोन स्लॅब पडतात आणि इमारत तिथंच थांबते.

परवान्याच्या नियमाचाही यात हात आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानं बांधकाम परवाना एक वर्षाचा असतो. मुदतवाढ मिळते, पण मर्यादित. त्या मुदतीत जोत्यापर्यंत काम झालं नाही तर परवाना नव्यानं मागावा लागतो. म्हणून विक्रीचा पत्ता नसताना घाईनं जोतं उरकून ठेवतात. परवाना वाचतो आणि प्लॉट पडून राहतो.

आता पत्र्याच्या आत चला. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण याबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्या पेठांत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक. बेसमेंटच्या पार्किंगसाठी दहा-बारा फूट खोदतात. शेजारी बहुधा दगडमातीच्या भिंतींचं माळवदी घर असतं, आणि त्याचा पाया जेमतेम तीन-चार फूट. खोदकाम करताना बाजूच्या मातीला जो आधार देतात, तो दोन-तीन महिन्यांच्या हिशेबानं दिलेला असतो, तेवढ्यात बेसमेंटची भिंत उभी राहणार म्हणून. ती भिंत उभी राहिलीच नाही, तर तोच आधार एका पावसाळ्यामागून दुसरा पावसाळा सोसत राहतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तडकते. दरवर्षी ती थोडी खड्ड्याकडं सरकते. शेजारच्या घरात आधी दार घासायला लागतं, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. घरातली म्हातारी माणसं म्हणतात घर जुनं झालं. घर जुनं आहेच, पण भेग खड्ड्याकडच्या भिंतीला असेल आणि दर पावसाळ्यात रुंदावत असेल, तर कारण पलीकडं आहे. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहून ठेवा, किंवा तिच्यावर प्लॅस्टरची छोटी पट्टी भरा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, तेव्हा थांबू नका.

आणि ते कॉलम. सळई काँक्रीटच्या पोटात असते तोवर सुरक्षित असते. वर मोकळं सोडलेलं टोक पावसात गंजतं, गंजाचे पापुद्रे सुटतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे जिथं सळई काँक्रीटमध्ये शिरते तिथून काँक्रीट फुटायला लागतं. काम पुन्हा सुरू करताना तारेच्या ब्रशनं गंज खरवडून व्हर्नियरनं सळईची जाडी मोजावी लागते. जाडी फार घटली असेल तर टोकं कापून, काँक्रीट फोडून नवी सळई जोडावी लागते. जुन्या काँक्रीटचा दम हॅमरनं, अल्ट्रासॉनिक यंत्रानं, आणि शंका असेल तिथं कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून तपासावा लागतो. हे न करता नुसता रंग मारून वर मजले चढवलेले मी पाहिले आहेत, आणि तो धोका कोणत्याही कुटुंबानं पत्करू नये. काम थांबवतानाच सळयांना सिमेंटचा घट्ट रबडा लावला आणि खड्डा मुरमानं भरला, तर खर्च किरकोळ येतो. पण थांबतोय असं कबूल करायचं नसतं, म्हणून कोणी ते करत नाही. पुढल्या महिन्यात सुरू करू, म्हणत सगळं उघडं सोडून देतात.

मजुरांचंही सांगायला हवं. काम थांबलं की पहिला फटका सेंट्रिंगवाल्याला आणि लोखंड बांधणाऱ्याला बसतो. त्यांच्या फळ्या आणि बल्ल्या आत अडकतात, शेवटच्या स्लॅबची मजुरी राहते, आणि त्यांच्याजवळ मुकादमाच्या वहीतली नोंद सोडून कागद नसतो. त्यांच्या बाजूनं कुठली संस्था उभी राहिलेली मी पाहिली नाही.

मग जागा सुटते कशी? अमेरिकेत बॉस्टन शहराच्या भर बाजारात फिलिन्स नावाचं जुनं मोठं दुकान होतं. 2006 मध्ये ते बंद झालं, तिथं टॉवर बांधायला घेतला, आणि 2008 च्या मंदीत काम थांबलं. शहराच्या मध्यावर काही वर्षं नुसता खड्डा होता. शेवटी पालिकेनं त्या विकासकाची मंजुरीच काढून घेतली, जागा दुसऱ्याकडं गेली, आणि 2016 मध्ये तिथं इमारत पूर्ण झाली. आयर्लंडमध्ये डब्लिनला अँग्लो आयरिश बँक नदीकाठी आपलं मुख्यालय बांधत होती. घरबांधणीच्या तेजीत बेफाम कर्जं वाटलेली ही बँक. 2009 च्या सुरुवातीला ती बुडीत निघून सरकारच्या ताब्यात गेली आणि तिच्या मुख्यालयाचा सांगाडा उघडा राहिला. 2012 मध्ये तो पडत्या भावात देशाच्या मध्यवर्ती बँकेनं घेतला आणि 2017 मध्ये तिथं आपली कचेरी थाटली. दोन्हीकडं जुन्या मालकाचा भाव कोणीतरी अधिकृतपणे निकालात काढला, तेव्हाच पुढचं बांधकाम सुरू झालं. याउलट बँकॉकला 1997 च्या संकटात थांबलेला 49 मजल्यांचा एक मनोरा वीस वर्षांहून जास्त काळ तसाच उभा राहिला.

आणि एवढं लांब जायलाही नको. सोलापूरजवळच्या कुंभारीला जा. तिथं विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेनं 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या. पुढं रे नगरची 30,000 घरांची योजना आली, त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं. तेजी आली, मंदी आली, त्यांचं काम पुढं जात राहिलं, कारण कोण राहायला येणार हे पहिल्या दिवसापासून नावानिशी ठरलेलं होतं, आणि त्या जमिनीवर कोणी पुढच्या भावाचं स्वप्न बांधलं नव्हतं. सरकारी अनुदान होतं, तेही खरं. माझं दुःख एवढंच आहे की त्या बायकांना घर शहराबाहेर इतक्या लांब घ्यावं लागलं, आणि शहराच्या मध्यावरची जमीन पत्र्याआड पडून राहिली.

म्हणून महापालिकेकडं मी मागतो ते असं. ज्या जागेवर ठराविक वर्षं काम बंद आहे, तिची यादी लोकांसमोर लावा. मोकळ्या जागेचा कर इतका हलका ठेवू नका की वाट पाहणं फुकट पडेल. काम सुरू होईपर्यंत खड्डा भरून तिथं वाहनतळ, भाजीबाजार किंवा गणवेश शिवणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी शेड, असा तात्पुरता वापर मालकाशी लेखी करारानं करा. पेठेतल्या घराघरांत शिलाई मशिनं चालतात आणि माल ठेवायला जागा नसते. अर्धवट इमारतींचे पहिले दोन मजले तपासून, सुरक्षित असतील तर, या शिलाईवाल्यांनाच का मिळू नयेत?

आणि ज्यांनी अशा इमारतीत पैसे भरले आहेत, त्यांच्यासाठी थोडं. रेराच्या कलम 18 प्रमाणे ठरल्या वेळेत ताबा मिळाला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात. आदेश होतो, पण वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, आणि बिल्डरकडं काही उरलंच नसेल तर आदेश हातात धरून बसावं लागतं. म्हणून कलम 8 लक्षात ठेवा. प्रकल्पाची नोंदणी संपली किंवा रद्द झाली, तर राहिलेलं काम पूर्ण करून घेण्याचा पहिला हक्क गिऱ्हाइकांच्या संस्थेला आहे. संस्था नसेल तर तो हक्क वापरणार कोण? चाळीस कुटुंबांनी पैसे भरलेले असतात आणि एकमेकांचे फोन नंबरही माहीत नसतात. प्रत्येक जण बिल्डरला एकटा भेटतो आणि एकेक तारीख घेऊन परत येतो.

महारेरा म्हणजे रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, मंजूर आराखडा, किती बुकिंग झालंय हे दिसतं. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे, मोबाईलनं तो उघडतो. नवीन बुकिंग करणाऱ्यांनी नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये, बिल्डरला ती घेताही येत नाही. आणि आधीच अडकलेल्यांनी पावत्या, साठेखत, बँकेचे उतारे एका फायलीत लावून बाकीच्या कुटुंबांना शोधायला लागावं. वारसांनीही या बैठकीत बसावं. त्यांचा वाटा आणि गिऱ्हाइकाचा फ्लॅट एकाच खड्ड्यात अडकला आहे, दोघांना मिळून नवा हिशेब मांडावा लागेल, आणि तो आजच्या भावानं मांडावा लागेल.

ज्यांचं घर अशा खड्ड्याला लागून आहे, त्यांनी मृगाचा पाऊस लागायच्या आधी आपल्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. पडायला आलेल्या बांधकामासाठी महापालिका कायद्यात कलम 264 आहे, त्याचा उल्लेख करा, भेगेचे तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या.

नमस्कार.